स्टंपामागून : पोरगा कीपर झाला तर पुढे काय?

मागच्या अंकात स्लिपमधल्या कॅचिंगवर चार ओळी काय लिहिल्या, या महिन्यात निम्मे प्रश्न कीपिंगचेच आले. बडोद्यात ते यायचेच म्हणा, किरण मोरे आणि नयन मोंगिया असे दोन कीपर ज्या गावाने पाठोपाठ इंडियाला दिले तिथे दर दुसऱ्या सोसायटीत एक तरी पोरगं मोठ्या भावाचे ढगळ ग्लव्हज घालून उकिडवं बसलेलं दिसतंच. नेहमीप्रमाणे नावं छापत नाहीये, एरिया तेवढा देतोय. लांबलचक पत्रं कापलीत, त्याबद्दल रागावू नका.

मुलगा 12 वर्षांचा आहे, बॅटिंग बरी करतो. कोच म्हणतात कीपिंगपण चालू कर. बायको म्हणते बॉल तोंडावर बसेल. मला वाटतं दोन्ही करायला गेला तर धड एकही होणार नाही. काय करू? (एक बाबा, कारेलीबाग)

आधी वहिनींचं बोलणं घेतो कारण त्यांचंच जास्त बरोबर आहे. स्पिनरला स्टंपाजवळ उभं राहून कीपिंग करायची तर हेल्मेट पाहिजेच, यात "आमच्या वेळी कुठे होतं" वगैरे चालणार नाही. आपला कीपर सबा करीम आठवतो का, 2000 साली ढाक्याला एशिया कपमध्ये कुंबळेचा बॉल डोळ्यावर बसला आणि त्यानंतर एकच टेस्ट खेळून करिअर थांबलं. साउथ आफ्रिकेचा मार्क बाऊचर, जगात सगळ्यात जास्त टेस्ट बळी घेतलेला कीपर, 2012 मध्ये इंग्लंडला साध्या प्रॅक्टिस मॅचमध्ये बेल, म्हणजे स्टंपावरची छोटी लाकडी दांडी, उडून डोळ्यात गेली, तोही संपला. बाऊचरसारख्या माणसाचं असं होतं तर 12 वर्षांच्या मुलाबद्दल आईला भीती वाटणारच ना. तेव्हा हेल्मेट, गार्ड आणि आतले कॉटनचे ग्लव्हज एवढं घेऊन द्या आणि मग मुलाला सोडा, वहिनीपण जरा निवांत होतील.

आता तुमचा मुद्दा. दोन्ही केलं तर एकही होणार नाही हे तीस वर्षांपूर्वी खरं मानलं असतं, आता उलटं झालंय, आता नुसतं एक येत असेल तर कीपरला कोणी टीममध्ये घेत नाही. ट्रायल्सला जाऊन बघा कधी, बॅट्समनच्या लाइनीत पोरंच पोरं, कीपर हात वर करा म्हटलं की चार-पाच. त्यामुळे सुरुवातीला नंबर लवकर लागतो, कोच लोक आईबापांना गळ घालतात ते त्यामुळेच. पण पुढची गोष्ट ते सांगत नाहीत, ती मी सांगतो. टीममध्ये बॅट्समन सहा लागतात, बोलर चार-पाच लागतात, कीपर एकच. तुमच्यापेक्षा जरा बरा कीपर त्याच वयाचा त्याच गावात निघाला की तुम्ही बाहेर, आणि तो फिट राहिला तर चार-पाच वर्षं बाहेर. अशा वेळी बॅटिंग असेल तर नुसता बॅट्समन म्हणून तरी आत राहता येतं. चंद्रकांत पंडितचं बघा ना, 1986 ला लीड्सवर पहिली टेस्ट खेळला तो बॅट्समन म्हणून, कारण ग्लव्हज आपल्या किरण मोरेच्या हातात होते!

तेव्हा मुलाने बॅटिंगचा वेळ कापून कीपिंग करू नये, वर अर्धा तास जास्त द्यावा. टेनिस बॉल घेऊन भिंतीवर मारायचा आणि ग्लव्हज न घालता दोन्ही हातांनी झेलायचा, बोटं जमिनीकडे, तळवे बॉलकडे, आणि बॉल हातात येताना हात जरा मागे जाऊ द्यायचे. बॉल टप्पा घेईपर्यंत बसून राहायचं आणि बॉल जसा वर येईल तसं आपण वर यायचं. नव्या पोरांची नव्वद टक्के गडबड इथेच असते, बोलरने हात फिरवला की ही उभी, मग खाली राहिलेला बॉल पायातून मागे आणि समोरच्यांना फुकटचे रन. हे एक सहा महिन्यांत बसलं तर कोच बाकीचं बघून घेईल. आणि हो, गुडघे दुखतात म्हणाला तर "होतं असं" म्हणून सोडू नका, वाढीच्या वयात सतत उकिडवं बसणं सोपं नसतं, डॉक्टरला दाखवा.

आमच्या संध्याकाळच्या मंडळात वाद लागलाय. मोरे भारी की मोंगिया? नातू मध्येच येऊन म्हणतो दोघांपेक्षा धोनी. निकाल द्या. (आजोबा, दांडिया बाजार)

आजोबा, निकाल दिला तर मला दांडिया बाजारातून जाणं बंद करावं लागेल. पण विषय काढलाच आहे तर बोलू.

आकडे आधी सांगतो. मोरे 49 टेस्ट, 110 कॅच आणि 20 स्टंपिंग. मोंगिया 44 टेस्ट, 99 कॅच आणि 8 स्टंपिंग. बॅटिंगमध्ये दोघांची सरासरी जवळपास सारखी, मोरे पंचविशीच्या थोडा वर, मोंगिया चोविसच्या आसपास. फरक हा की मोंगियाकडे एक सेंच्युरी आहे आणि ती साधीसुधी नाही, ऑक्टोबर 1996, दिल्ली, ऑस्ट्रेलिया, सचिनची कॅप्टन म्हणून पहिलीच टेस्ट, ओपनिंगला जाऊन 152. मॅन ऑफ द मॅच. बॉर्डर-गावसकर ट्रॉफी नावाने खेळलेली ती पहिली टेस्ट होती आणि तिच्यात सगळ्यात मोठा स्कोअर बडोद्याच्या कीपरचा होता हे हल्लीच्या पोरांना माहीतही नसतं.

मोरेंचं वेगळं. ते 1983 ला किरमाणीच्या मागे राखीव कीपर म्हणून वेस्ट इंडिजला जाऊन आले, एकही टेस्ट न खेळता. मग थांबा, थांबा आणि थांबा, पहिली टेस्ट मिळाली ती 1986 मध्ये, लॉर्ड्सवर. त्या सिरीजमध्ये तीन टेस्टमध्ये 16 कॅच घेतले, इंग्लंडमध्ये, जिथे बॉल बॅट्समनला ओलांडून गेल्यावरपण हलतो आणि कीपरला शेवटच्या क्षणी हात वळवावा लागतो. आणि 1988 चा मद्रास तर तुमच्या मंडळात सगळ्यांनी ट्रान्झिस्टरवर ऐकला असेल, नरेंद्र हिरवाणी पहिल्याच टेस्टमध्ये 136 रन देऊन 16 विकेट. लोक हिरवाणीचं नाव घेतात, बरोबरच आहे, पण त्या मॅचमध्ये मोरेंनी सहा स्टंपिंग केल्या, त्यातल्या पाच एकाच इनिंगमध्ये, आणि दोन्ही वर्ल्ड रेकॉर्ड. जरा डोळ्यांसमोर आणा, फुटलेलं पीच, एकोणीस वर्षांचा लेगस्पिनर हातभर बॉल वळवतोय, गुगली टाकतोय, वेस्ट इंडिजवाले वैतागून पुढे येऊन हाणायला बघतायत आणि बॉल बॅटला चुकवून धुळीतून कधी खांद्याएवढा तर कधी घोट्याएवढा येतोय. तो धरून बेल्स उडवायच्या, तेही एकदा नाही. माझ्या मते स्पिनला स्टंपाजवळ उभं राहून केलेली याच्याइतकी चांगली कीपिंग आपल्या देशात फार कमी झालीय.

आता याच माणसाने 1990 ला लॉर्ड्सवर ग्रॅहम गूचचा कॅच सोडला, गूच तेव्हा 36 वर होता आणि थांबला 333 वर. कीपरच्या धंद्याची ही गंमत आहे बघा, मद्रासच्या सहा स्टंपिंग विचारल्या तर दहातले दोन जण सांगतील, गूचचा कॅच दहाच्या दहा सांगतात.

मोंगिया वनडेचा जास्त, 140 मॅच, 154 बळी. कुंबळेने 1999 ला दिल्लीच्या कोटलावर पाकिस्तानच्या दहाच्या दहा काढल्या तेव्हा मागे तोच होता, त्यातला पहिला, आफ्रिदीचा कॅच, त्याच्याच हातात. कुंबळेला कीपिंग करणं म्हणजे दोन पैलूंचं काम, वेग मीडियम पेसरचा आणि उभं राहायचं स्टंपाजवळ, वर बॉल अचानक उसळणार. तुम्ही मला अगदी धरूनच बसलात तर सांगतो, वळणाऱ्या पीचवर मोरे, कुंबळेसमोर मोंगिया. झालं समाधान?

आणि नातवाला एवढंच सांगा की धोनीला आणण्यातपण बडोद्याचा हात आहे. 2002 ते 2006 मोरे सिलेक्शन कमिटीचे चेअरमन होते. 2003 च्या वर्ल्ड कपला द्रविडच्या हातात ग्लव्हज होते, एक बॅट्समन जास्त खेळवता यावा म्हणून, आणि पार्थिव पटेल सगळा वर्ल्ड कप बाहेर बसून होता. हा जुगाड किती दिवस चालणार, म्हणून सात नंबरला येऊन मारणारा खरा कीपर शोधणं चालू होतं. दुलीप ट्रॉफीच्या फायनलला पूर्व विभागाकडून दीप दासगुप्ताऐवजी धोनीने कीपिंग करावी, हे गांगुली आणि दासगुप्ताला पटवायला दहा दिवस गेले असं मोरेंनीच मागे मुलाखतीत सांगितलंय. म्हणजे ज्या माणसाच्या नावावर टेस्ट सेंच्युरी नाही, ज्याची सगळी कमाई ग्लव्हजची, त्यानेच कीपरला आधी बॅटिंग यायला पाहिजे हा नियम इथे रुजवला. मला हे फार आवडतं. स्वतःसारख्या निव्वळ ग्लव्हजवाल्याची बाजू न घेणं सोपं नसतं.

कीपिंग ग्लव्हज नवीन घेतलेत, बॉल त्यातून उडून बाहेर जातोय. ग्लव्हज खराब आहेत का? (अलकापुरी)

नाही, कडक आहेत. नवे ग्लव्हज मॅचला नेऊ नका, आधी दोन-तीन आठवडे थ्रो-डाउनला, म्हणजे कोणी हाताने बॉल टाकून देतो त्या प्रॅक्टिसला वापरा, तळव्यात जुना बॉल घालून रात्रभर रबर लावून ठेवा, खळगा पडू द्या. आत सुती ग्लव्हज ओले होतात म्हणून दोन जोड ठेवा, आपल्या मे महिन्यात तर लंचच्या आतच एक जोड पिळून काढावा लागतो. आणि एक बघा, अंगठा आणि तर्जनी सोडून दुसऱ्या बोटांमध्ये जाळी असलेले ग्लव्हज नियमात बसत नाहीत, स्वस्तातला माल घेताना फसू नका.

मी 15 वर्षांची आहे, डावखुरी बॅट्समन आणि कीपर, प्रॅक्टिस मुलांसोबत करते. सोसायटीतले काका लोक म्हणतात मुलींच्या क्रिकेटमध्ये बडोद्याचं कोण आहे, आणि हाइट पण कमी आहे माझी. खरंच चान्स आहे का? (मांजलपूर)

काका लोकांना विचार, यास्तिका भाटिया कुठली? बडोद्याची. डावखुरी? डावखुरी. कीपर? कीपर. 2021 मध्ये ऑस्ट्रेलियात वनडे आणि टेस्ट दोन्हीचा डेब्यू, 2023 ला मुंबई इंडियन्सने पहिली डब्ल्यूपीएल, म्हणजे मुलींची आयपीएल, जिंकली तेव्हा स्टंपामागे ती होती. शिकली कोणाकडे? किरण मोरेंकडे. आणखी काय पाहिजे म्हणावं. फक्त एक लक्षात ठेव, 2025 च्या वर्ल्ड कपआधी तिच्या गुडघ्याला लागलं आणि घरच्या मैदानावरचा वर्ल्ड कप हुकला, जो इंडियाने जिंकला. किती वाईट वाटलं असेल. म्हणून पाय आणि कंबर मजबूत करण्याचा व्यायाम आजपासून कर, कीपरचं शरीर हेच त्याचं दुकान आहे, ते बंद पडलं की धंदा बंद.

हाइटचं टेन्शन घेऊ नको. बुटक्या कीपरला खाली राहायला सोपं जातं, मोरे काय ताडमाड होते का. तुला त्रास होईल तो फास्ट बोलरच्या उसळत्या बॉलला, त्यासाठी एक पाऊल मागे उभी राहा आणि आडवं सरकायची प्रॅक्टिस कर, नुसती डाइव्ह मारून फोटो छान येतो पण पाय सरकले तर डाइव्हची गरजच पडत नाही. मुलांसोबत प्रॅक्टिस करतेस ते फार चांगलं, चालू ठेव, फास्ट बॉलची सवय होते.

मी 21 चा आहे, अंडर-23 कॅम्पमध्ये दोनदा गेलोय पण मेन कीपर दुसराच आहे, मी कायम राखीव. घरचे म्हणतात आता पुरे, नोकरी बघ. खरं सांगा, पैसा आहे का यात आणि किती वर्षं थांबू? (मकरपुरा)

भाऊ, तुझं पत्र दोनदा वाचलं. गोड बोलून उपयोग नाही म्हणून हिशोबच मांडतो.

2021-22 पासून बोर्डाने डोमेस्टिकच्या फी वाढवल्या, त्या अशा: सिनियरमध्ये वीसपर्यंत मॅच झालेला खेळाडू अकरामध्ये असला तर दिवसाला 40,000, चाळीसच्या वर मॅच झाल्या की 60,000. बाहेर बसलेल्या राखीव खेळाडूला बरोबर निम्मे. अंडर-23 ला दिवसाचे 25,000. आता रणजीची लीग धर, सात मॅच, चार दिवसांच्या, म्हणजे 28 दिवस. नवा मुलगा सगळ्या खेळला तर 11,20,000, आणि तोच सगळ्या मॅच पाणी नेत बसला तर 5,60,000. वनडे आणि टी-20 वेगळे. म्हणजे रणजीच्या पंधरामध्ये नुसता राहिलास तरी आपल्या इथे जीआयडीसीतल्या कारखान्यात सुरुवातीला मिळतो त्यापेक्षा बरा पगार आहे. पण हे पंधरामध्ये आल्यावर. कॅम्पला जाऊन परत आलेल्याला यातलं काही नाही, आणि तू आत्ता तिथे आहेस.

थांबण्याबद्दल म्हणशील तर नमन ओझाचं उदाहरण घे, मध्य प्रदेशवाला, उज्जैनचा. वीस सीझन खेळला, 146 फर्स्ट क्लास मॅच, साडेनऊ हजारांवर रन, 2021 मध्ये रिटायर झाला तेव्हा रणजीत 351 बळी, कीपरचा रेकॉर्ड. 2014 ला इंडिया ए कडून ऑस्ट्रेलियात डबल सेंच्युरी मारली आणि पुढच्याच मॅचमध्ये दोन्ही इनिंगमध्ये सेंच्युरी. याहून जास्त माणूस काय करणार? टेस्ट मिळाली एक. कोलंबोला, 2015 मध्ये. का, तर धोनी होता, मग साहा होता, मध्ये कार्तिक, पार्थिव. ओझामध्ये खोट नव्हती, जागा एक होती. ऑस्ट्रेलियात गिलख्रिस्टसारखा गिलख्रिस्टसुद्धा इयन हीली थांबेपर्यंत टेस्ट टीमबाहेर होता, पहिली टेस्ट खेळला तेव्हा अठ्ठावीस पूर्ण व्हायला नऊ दिवस बाकी होते. आणि मोंगियाला टेस्ट मिळाली जानेवारी 1994 मध्ये लखनौला, मोरेंच्या शेवटच्या टेस्टनंतरच्या पहिल्याच सिरीजमध्ये. एकाच गावचे दोघं, एक उठला तेव्हा दुसरा बसला.

पण यातला फरक बघ. ओझा, गिलख्रिस्ट हे बाहेर होते ते इंडियाच्या आणि ऑस्ट्रेलियाच्या टेस्ट टीमच्या, खालच्या टीममध्ये ते रोज खेळत होते आणि गिलख्रिस्टने तर स्वतःचं न्यू साउथ वेल्स सोडून वेस्टर्न ऑस्ट्रेलिया गाठलं, तिथे ग्लव्हज मिळतात म्हणून. तू खेळतच नाहीयेस. नेटमध्ये राखीव राहून कीपर सुधारत नाही, उलट बिघडतो, कारण पूर्ण दिवस नव्वद ओव्हर उठबस करून शेवटच्या ओव्हरला एज पकडायची सवय मॅचमध्येच लागते. म्हणून पहिलं काम, ज्या क्लबमध्ये ग्लव्हज तुझ्याकडे असतील त्या क्लबमध्ये जा, क्लब खालच्या डिव्हिजनचा असला तरी. दुसरं, मेन कीपर खेळत असताना नुसता बॅट्समन म्हणून तुला घेता येईल इतके रन कर, त्याशिवाय कोचला तुझा विचार करायला कारणच नाही. क्लब सीझनचे रन वहीत लिहून ठेव, ट्रायल्सला तोंडी सांगण्यापेक्षा स्कोअरशीट दाखव. तिसरं, दुसऱ्या राज्यातून खेळायचं डोक्यात असेल तर बोर्डाचे नियम आणि एनओसीचं (ना-हरकत पत्राचं) आधी नीट समजून घे, एजंट म्हणवणाऱ्या कोणाला पैसे देऊ नकोस, एक रुपयाही नाही.

नोकरीचं म्हणशील तर तेवीसपर्यंत खेळ, अंडर-23 ची उमर संपेपर्यंत, पण डिग्री पूर्ण करून. रेल्वे, इन्कम टॅक्स, बँका यांच्या स्पोर्ट्स कोट्याच्या जाहिराती येतात, त्यांना सर्टिफिकेट लागतं आणि डिग्रीपण लागते, पोरं सर्टिफिकेट जपतात आणि बी.कॉम.चं तिसरं वर्ष सोडून देतात. कोचिंगची लेव्हल वनपण करून ठेवलीस तर वाया जाणार नाही. कीपर लोक कोच चांगले होतात, दिवसभर सगळी मॅच समोरून बघतात ना. मघाशी ज्याचं नाव घेतलं तो चंद्रकांत पंडितच बघ, पाचच टेस्ट खेळला, पण कोच म्हणून मुंबई, मग विदर्भ दोनदा, मग 2022 ला मध्य प्रदेश, सगळ्यांना रणजी जिंकवून दिली. घरच्यांना हे वाचून दाखव, दोन वर्षं मागून घे, आणि त्या दोन वर्षांत बाबांना दर महिन्याला काय केलं ते सांगत जा, मग ते रोज विचारणार नाहीत.

नो-बॉलवर स्टंपिंग होते का? वाइडवर? (गोत्री)

नो-बॉलवर नाही, वाइडवर होते. आणि मागे ठेवलेल्या हेल्मेटला बॉल लागला तर समोरच्या टीमला फुकट पाच रन, तेव्हा हेल्मेट आपल्या बरोबर मागच्या सरळ रेषेत ठेवा, फाइन लेगकडे नको.

कीपरला बोलिंग करता येते का? भावाशी पैज लागलीय. (वाघोडिया रोड)

येते. ग्लव्हज आणि पॅड काढून दुसऱ्याला द्यायचे, अंपायरला सांगायचं आणि बॉल घ्यायचा. किरमाणीने 1983 ला नागपूर टेस्टमध्ये पाकिस्तानच्या अझीम हाफिझला बोल्ड काढलंय, धोनीने 2009 च्या चॅम्पियन्स ट्रॉफीत वेस्ट इंडिजच्या ट्रॅव्हिस डाउलिनला. पैज कोणत्या बाजूने लागली होती ते लिहिलं नाहीत, पण हरला असाल तर शेव-उसळ द्या आणि मोकळे व्हा.